तीन सिलिंडरवर चालणारी गाडी

थोरला आणि धाकटा. गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. वडिलांच्या माघारी एकच गॅरेज दोघांच्या वाट्याला आलं. इंजिन, क्लच, ब्रेक थोरल्याकडे. वायरिंग, बॅटरी, दिवे धाकट्याकडे. कामाच्या वाटणीवरून कधी वाद झाला नाही. वाद झाला तो वडिलांच्या जुन्या लेथ मशीनवरून. थोरल्याने ते धाकट्याला न विचारता विकून टाकलं. त्याच्या लेखी ते भंगार होतं. धाकट्याचा हात त्या मशीनवर बसला होता. धाकट्याने आदळआपट केली नाही, फक्त बोलणं टाकलं. मग थोरल्यानेही टाकलं. 'मी मोठा, मी का आधी बोलू' असं एकाचं आणि 'मला विचारलं नाही, मी का बोलू' असं दुसऱ्याचं. त्यात वर्षं गेली.

अडलंनडलं तर थोरल्याची बायको मध्ये पडायची. ती डबा घेऊन आली की सांगायची, "भाऊजी, ह्यांचं म्हणणं आहे की पांढऱ्या गाडीची बॅटरी उतरलीय." धाकटा म्हणायचा, "वहिनी, त्यांना सांगा, चार्जिंगला लावलीय." थोरला हातभर अंतरावर उभा राहून ऐकत असायचा. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली होती.

अशात घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आपली गाडी घेऊन आल्या. चढावर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो, गाडी हिसके देते आणि सपाटीला आलं की दिवा विझतो, असं त्यांनी सांगितलं. थोरल्याने त्यांना गाडी तिथेच ठेवायला लावली. दिवा नुसता लागून राहिला तर सवडीने बघता येतं. तो लुकलुकायला लागला म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडतंय. ते पुढे सायलेन्सरमध्ये जाऊन जळतं आणि धूर साफ करणारी महागाची जाळी वितळवून टाकतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या रिक्षाने कामावर गेल्या.

स्कॅनर लावल्यावर तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय, मधेमधे पेटतच नाही, हे लगेच कळलं. थोरल्याने तिसऱ्याची ठिणगी पाडणारी कॉईल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कॉईल खराब असती तर खोड तिच्याबरोबर दुसऱ्यावर गेली असती. ती तिसऱ्यावरच राहिली. प्लगची अदलाबदल केली, तरी तेच. कॉईलला जाणाऱ्या वायरचा संशय त्याला तेव्हाच आला होता. पण वायर म्हणजे धाकट्याचा प्रांत. म्हणून त्याने पेट्रोल फवारणारा इंजेक्टर काढून तपासला, सिलिंडरमधल्या दाबाचं कॉम्प्रेशन मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं. सगळं ठीक होतं. ठीक आहे हे त्याला मोजायच्या आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. एका म्हाताऱ्या रुग्णाकडे रिक्षा जात नाही, गाडी कधी मिळेल, असं त्या विचारत होत्या. संध्याकाळी न्या, असं थोरला बोलून बसला.

त्याने इंजिन गरम होऊ दिलं. खोड दिसायची ती गरम इंजिनावर, तीही रेस दिली की. म्हणजे एकाने आत बसून रेस द्यायची आणि दुसऱ्याने बॉनेटखाली वायर हलवून बघायची. थोरल्याने एक पाय गाडीत आणि एक हात बॉनेटखाली असा खटाटोप करून पाहिला. त्याचा हात पोचला नाही, कंबर मात्र धरली. बायको बहिणीकडे गेली होती, परवापर्यंत येणार नव्हती.

तो थोडा वेळ फडक्याला हात पुसत उभा राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते. मग तो दोघांच्या जागांमधल्या पत्र्याच्या आडोशाला वळसा घालून पलीकडे गेला. धाकटा एका दिव्याचं होल्डर बसवत होता.

"जरा रेस देशील?"

धाकट्याने पाना खाली ठेवला, येऊन सीटवर बसला आणि विचारलं, "किती?"

"दोन हजारावर धर."

इंजिन चढलं. थोरला एकेक वायर बोटांनी हलवत गेला. एका ब्रॅकेटजवळ त्याने वायर वाकवली आणि इंजिन लंगडायला लागलं.

"दिवा लुकलुकतोय," आतून धाकटा म्हणाला.

"सोडली. आता?"

"थांबला."

धाकटा इंजिन बंद करून खाली उतरला आणि बॉनेटखाली वाकला. "दादा, तू हात काढ," तो म्हणाला. थोरला बाजूला झाला.

वायरचं आवरण वरून नुसतं घासलेलं दिसत होतं. धाकट्याने ते सोललं तेव्हा आतली तांब्याची तार जवळजवळ तुटलेली निघाली. गरम होऊन इंजिन हललं की ती टेकायची नाही. त्याने नवा तुकडा जोडून झाळला, वर नळी चढवली आणि ब्रॅकेटला घासू नये म्हणून वायर वेगळ्या वाटेने बांधली. थोरल्याने टॉर्च धरून उजेड दिला. दोघं चढावर चक्कर मारून आले. दिवा लागला नाही. गाडी कोणी चालवायची यावर चर्चा झाली नाही; धाकटा आपणहून सीटवर जाऊन बसला होता.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा धाकट्याने काय झालं होतं ते सांगितलं आणि थोरल्याने जाळी वाचली हे सांगितलं. बाई समाधानाने गेल्या.

त्यानंतर दोघं बोलू लागले, पण कामापुरतंच. लेथ मशीनचा विषय थोरल्याने काढला नाही, धाकट्यानेही नाही. वर्षअखेरीस थोरल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून तो दवाखान्यातल्या खाटेवर पडला होता आणि धाकटा शेजारच्या स्टुलावर बसून एका जुन्या जीपचा क्लच का घसरतो ते त्याला विचारत होता. थोरला बराच वेळ सांगत राहिला. नर्सने दोनदा येऊन त्याला गप्प राहायला सांगितलं.