पाचव्या मडक्यातला दोरा

नाचणीच्या भाकरीचा वास आला की मला सुईणीची परीक्षा आठवते. बाळंतपणाला लागणाऱ्या सात वस्तू क्रमानं सांगायच्या होत्या आणि माझ्या त्या काही केल्या ध्यानात राहीनात. तेव्हा कान्हे गावातल्या आमच्या घरी एकही अक्षर न येणाऱ्या आईनं मला उतरंडीतली सात मडकी दाखवली, "वहीत कशाला ठिवतीस? एकेक मडक्यात ठिव." पाचव्यात मी मनातल्या मनात नाळ बांधायचा दोरा ठेवला. पुण्यात डॉक्टरीणबाईंसमोर डोळे मिटले, सकाळी निघताना पाहिलेली उतरंड आठवली आणि सहाच वस्तू सांगून थांबले. "मग नाळ कशानं बांधणार?" त्यांनी विचारलं. मी नापास झाले. घरी आल्यावर आई म्हणाली, "पाचवं मडकं म्या पहाटंच काढलं. तुज्या भाकरीचं पीठ त्यातच व्हतं." म्हणजे दोरा सारा वेळ माझ्याच शिदोरीत होता! आता वय झालं, बाकीच्या सहा वस्तू मागंपुढं होतात. दोरा तेवढा विसरत नाही.