रुखमिणीचा गंज

सानगडीच्या वाटेवर उसन्या, म्हणजे धान वाफेवर उकडून केलेल्या तांदळाची एक मिल आहे. तिथला बॉयलर डोमा चोवीस वर्षं सांभाळतो, आणि सांभाळतो म्हणजे तळहाताच्या फोडासारखा जपतो. वर्षातून एकदा बॉयलर उघडला की हा गडी आत टॉर्च मारणार, नळ्या नखानं खरवडून बघणार. नखाला खाराचा पांढरा थर लागला की दोन दिवस त्याला जेवण गोड लागायचं नाही.

बोअरचं पाणी जड, त्यामुळे थर धरायचाच. मग औषध आलं, पाकासारखं दाट, पॉलिमरचं. आणून देणाऱ्या माणसानं डोमाला नीट समजावलं होतं. पाणी तापलं की त्यातला चुना कणाकणानं जमतो, त्याचे स्फटिक होतात आणि ते लोखंडाला धरून बसतात. हे पॉलिमर वाढत्या स्फटिकाला कडेनं बिलगतं. पुढच्या कणाला नीट जागाच मिळत नाही, स्फटिक वेडावाकडा आणि भुसभुशीत राहतो, आणि शेवटी गाळ होऊन तळाच्या नळातून वाहून जातो. थोडंसं औषध पुरतं, पण रोज द्यावं लागतं.

डोमानं हे सगळं रात्री जेवताना बायकोला ऐकवलं. रुखमिणीनं पोळी वाढता वाढता विचारलं, "मिलच्या बॉयलरले रोज औषध देता, माह्या गंजाले कवा देता?"

आंघोळीचं पाणी तापवायचं तिचं मोठं पातेलं, म्हणजे गंज, आतून पांढरं झालं होतं.

"मिलचा थेंबबी घरी आणत नाई मी," डोमा ताठ्यात म्हणाला. "बाजारातून लिंबूसत आणतो उद्या. त्यानं निंगते."

तो उद्या काही उजाडला नाही. बाजार दर आठवड्याला भरत होता, डोमा दर आठवड्याला जात होता, तंबाखू न चुकता आणत होता. रुखमिणीनं दोनचारदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं. अशी वर्षं गेली.

गेल्या माघात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत रुखमिणी गेली.

तेरवी झाल्यावर डोमाची पहिली पाळी होती, सकाळी सहाची. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतः चूल पेटवली. बॉयलरला वाफ धरायला किती वेळ लागला हे मिलच्या वहीत लिहायची सवय, म्हणून घड्याळ बघितलं. पाणी तापायला पाऊण तास लागला. त्यानं गंज रिकामा केला आणि आत हात घातला. नखानं खरवडलं. नख मोडलं, थर हलला नाही.

बॉयलरमध्ये असा थर असता, तर डोमानं मिल बंद ठेवली असती. थर असला की आग वाया जाते, वेळ वाया जातो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि त्याच्याच घरात ती बाई रोज चारला उठून फुंकणी फुंकत होती, तो उठायच्या आत पाणी कढत हवं म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यानं मिलच्या मुनीमजींना विचारून कपभर औषध घरी आणलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. आठवडाभर रोज गंजात घालून पाहिलं. बसलेल्या थराला त्यानं काही होत नाही, ते जमण्याआधी द्यायचं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी घालत राहिला.

मग कोंढ्याहून लेक आली, ज्योत्सना. येतानाच लिंबूसताची पुडी घेऊन. दोन दिवस गंज भिजत ठेवला, तेव्हा खपल्या सुटल्या.

"मी आईले कितीदा म्हटलं, मीच आणतो म्हणून," ती घासता घासता म्हणाली. "आई म्हणे, राहू दे, तुहे बाबा आणणार हायेत."



सकाळी त्यानं गंज चुलीवर चढवला. पाणी अर्ध्या तासात कढलं. मिलला निघायला अजून पंधरा मिनिटं हाताशी होती. रुखमिणीची रोजची पंधरा मिनिटं झोप, इतक्या वर्षांची, एका पुडीपायी गेलेली. डोमाला रडू आवरेना. तो चुलीसमोरच बसून राहिला, आणि तापलेलं पाणी निवून गेलं.