मावशी, कुत्रा आणि तलावाचा बांध

लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा लॅब्राडॉर माझ्या गळ्यात पडला. त्याला रोज सकाळी फिरवून आणावं लागे. मी त्याला पारनेरबाहेरच्या पाझर तलावाच्या बांधावर न्यायची. बांधावरची वाट अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाभळी. समोरून कुणी आलं की कुणीतरी अंग चोरायलाच हवं.

तिथं एक मावशी भेटायच्या. डॉक्टरांनी शुगर सांगितल्यापासून लुगड्यावर पांढरे बूट घालून तरातरा चालायच्या. कुत्र्याला बघितलं की लांबूनच ओरडायच्या, "ए बाई, धर त्याला!"

पहिल्या दिवशी मी हसून म्हटलं, "मावशी, तो काही करत नाही."

"तुला न्हाई करत! मला काय करायचं ते त्यानं अजून ठरवलं नसंल!"

त्या दिवसापासून मी त्या दिसल्या की बाभळीकडं सरकायची, साखळी आखडायची, कुत्र्याला खाली बसवून मधे उभी राहायची. मावशी पदर तोंडाशी धरून "गेले बाई, गेले" म्हणत सुटायच्या. आमचं छान जमलं होतं.

मग एका सकाळी झुडपातून टिटवी ओरडत उडाली. कुत्र्यानं असा हिसका दिला की साखळी माझ्या हातातून सुटली आणि मी मातीत बसले. कुत्रा सुसाट निघाला. मावशी आमच्या पुढंच चालल्या होत्या.

"मावशी, पळू नका! उभ्या राहा!"

"मी कुटं पळतेय? पाय पळत्यात!"

आणि काय पळत होत्या! ओचा हातात, बूट फटफट वाजतायत. कुत्र्याला वाटलं, खेळ सुरू झाला. तो त्यांच्या बाजूनं धावला आणि आनंदाच्या भरात पुढं निघून गेला. मावशींना थांबता येईना. कुत्र्यानं मागं वळून बघितलं, तर एक भरभक्कम बाई आरडाओरडा करत आपल्या अंगावर येतेय! त्यानं शेपूट पायात घातलं आणि सरळ पाण्यात उडी टाकली.

मी धापा टाकत पोचले तेव्हा मावशी बांधाच्या दगडावर बसून पोट धरून हसत होत्या. मला माफी मागायची होती, पण तोंड उघडलं की हसूच फुटत होतं. तेवढ्यात कुत्रा वर आला, आमच्या मधोमध उभा राहिला आणि अंग झाडलं. दोघी चिंब!

"अगं, हे तर माझ्यापरास भित्रं हाय!" मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

"चुकलंच माझं, मावशी. साखळी घट्ट धरायला हवी होती."

"धरायलाच पायजे. हसले म्हणून सोडून देऊ नको हां."

मी आता साखळी मनगटाला दोन वेढे देऊन धरते. मावशी अजूनही लांबूनच आवाज देतात, मी अजूनही बाभळीकडं सरकते. पण परवा त्या मधेच थांबल्या, कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडून चतकोर भाकरी काढली आणि दगडावर ठेवली.

"मी बांधाच्या त्या टोकाच्या मोरीपातुर पोचले की मग सोड त्याला," असं बजावून त्या निघाल्या आणि मोरीवर उभ्या राहून, तो कसा खातो ते टाचा उंचावून बघत राहिल्या.