शेजारच्या सीटवर गवई सर

कोल्हापूरहून गोंदियाकडे जाणारी गाडी दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरला पोचवते. एवढ्या वेळात निर्णय बदलायची मला भरपूर संधी होती. मी झोपले.

मलकापूर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेने शिरायचं दार. तिथे मी हेल्मेट आणि एक पिशवी घेऊन उतरले. त्याआधी नऊ वर्षं मी सर्किटवर फॉर्म्युला गाड्या चालवल्या होत्या. डांबरी ट्रॅक, तीच वळणं, गाडीत आपण एकटे. यंदा संघाने माझी जागा एकोणीस वर्षांच्या एका मुलाला दिली. मुलगा चांगला चालवतो, हीच अडचण होती. मग पुण्याच्या एका रॅली संघाने विचारलं, मातीवर चालवणार का? बुलढाणा जिल्ह्यातली एक रॅली पूर्ण करायची. जमलं तर पूर्ण हंगाम गाडी माझी, नाही तर धन्यवाद. मातीवर तोवर मी फक्त पायी चालले होते.

स्टेशनबाहेर गवई सर उभे होते. ते मेहकरला कॉलेजात भूगोल शिकवतात आणि सुट्ट्यांमध्ये रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून बसतात. रॅलीचा रस्ता आधी फक्त हळू चालवून बघू देतात. तो पाठ होण्याइतका बघायला मिळत नाही, म्हणून शेजारी बसून पुढचं वळण वाचून सांगणारा माणूस लागतो. सर पन्नाशीचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"आधी नाश्ता करू," ते म्हणाले. "उपाशी माणूस ब्रेक उशिरा दाबते."

आम्ही आलुबोंडे (आपले बटाटेवडे) खाल्ले. राजूर घाट चढून बुलढाण्यात आलो तेव्हा मलकापुरात काढलेला स्वेटर परत घालावा लागला. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, तूर कमरेच्या वर गेलेली. सर वाटेत प्रत्येक नाल्याचं नाव सांगत होते. मी ऐकत नव्हते. रस्ता बघत होते.

सरावासाठी अमडापूरजवळचा एक कच्चा रस्ता मिळाला होता. गाडी संघाने आधीच पाठवली होती. सर बोलायला लागले आणि पहिल्या किलोमीटरलाच मला त्यांच्या आवाजाचा त्रास व्हायला लागला. मला वळण दिसत होतं, मग सांगायचं काय? "डावं, पुढं आवळते," ते म्हणाले. मला दिसत होतं ते ऐसपैस, मोकळं वळण होतं. मी वेगात शिरले. वळण पुढे आवळलं. आम्ही बांध ओलांडून तुरीत गेलो आणि तिथेच थांबलो.

धूळ बसली तेव्हा समोर विळा घेतलेली एक म्हातारी बाई उभी होती.

"काऊन आणली बाई गाडी वावरात?" (काऊन म्हणजे का, वावर म्हणजे शेत.)

"वळण अचानक आवळलं," मी म्हणाले.

"थे तर पहिल्यापासून तसंच आहे."

तिने कोणाला तरी हाक मारून ट्रॅक्टर बोलावला. गाडी बाहेर निघाल्यावर आम्हाला चहा दिला. आडव्या झालेल्या तुरीचं संघ बघेल, असं सरांनी तिला समजावलं. मग माझ्याकडे मान वळवून तिने सरांना विचारलं, "नवीन शिकून राह्यली का?"

"हाव," सर म्हणाले.

मेहकरला सरांच्या घरी रात्री रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, मग कुस्करून वरण आणि वांग्याच्या भाजीशी खातात. सुनीताताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, माझ्या रोडग्यावर तूप ओतलं. मी दुसरा रोडगा फोडत असताना सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी रविवारच्या रॅलीत बसत नाही."

नॅव्हिगेटरशिवाय रॅलीत गाडी उभीसुद्धा करू देत नाहीत.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "पुन्हा होणार नाही."

"चूक झाली म्हून नाही. तुमाले माझी गरजच नाही. मी बोलून राह्यलो, तुमी पाहून राह्यल्या. मंग मी तिथं कायले बसू? मले बायको आहे."

सुनीताताईंनी वरण वाढलं. हा विषय त्यांना नवीन नसावा.

मी विचारलं, "मी काय करू, सर?"

त्यांनी वांग्याची भाजी वाढून घेतली. "उद्या माझ्या जागी बसा."

सकाळी आम्ही त्यांच्या घरच्या गाडीतून लोणारच्या रस्त्याला लागलो. चालवायला सर, त्यांनी कागदावर लिहिलेली वळणं वाचायला मी. ते मंडईतून भाजी घेऊन निघाल्यासारखे चालवत होते. मी मान खाली घालून वाचायला लागले, आणि थोड्याच वेळात मला गाडी लागली. शेवटी गाडी थांबवायला लावून मी बाभळीखाली ओकले. नऊ वर्षांच्या शर्यतींत हे कधी झालं नव्हतं. सरांनी पाण्याची बाटली दिली.

पुन्हा निघालो. "उजवीकडे," मी वाचलं. सर सरळ गेले.

"सर, उजवीकडे म्हणाले मी."

"ऐकलं. मले सरळ बरं वाटलं."

मला राग आला. मान खाली, हातात कागद, पोट अजून जागेवर नाही, आणि शेजारचा माणूस आपल्या मनाचं करतो आहे. माझा जीव त्याच्या पायाखाली होता आणि माझ्या बोलण्याला किंमत नव्हती. मी कागद मिटून मांडीवर ठेवला.

"असं वाटते," सर म्हणाले, आणि गाडी मागे वळवली.

संध्याकाळी ते म्हणाले की रविवारी येईन.

रॅलीचा मुख्य टप्पा धामणगाव बढेच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी होता. सुरुवातीची वळणं मी सर सांगतील तशी घेतली, बुजऱ्यासारखी. मग एक चढ आला. माथ्यापलीकडे फक्त आकाश दिसत होतं.

"माथा. पलीकडे सरळ. दाबा," सर म्हणाले.

माझा प्रत्येक स्नायू पाय उचलायला सांगत होता. मी दाबला. चारही चाकं जमिनीवरून सुटली. खाली आलो तेव्हा रस्ता तिथेच होता, सरळ.

पुढे एका ओढ्यानंतर सरांचा आवाज बंद झाला. "मॅडम, मी हरवलो," ते म्हणाले. "जरा डोळ्यानं चालवा." मी डोळ्यांनी चालवलं, जपून. दोन वळणांनी त्यांना कागदावरची जागा सापडली आणि आवाज परत आला. त्या आवाजाने इतकं हायसं वाटेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटच्या गाडीचा रेडिएटर फुटला होता.

हेल्मेट काढून सर दगडावर बसले. "त्या माथ्यावर तुमी पाय नाही उचलला."

"तुम्ही दाबा म्हणालात."

"थे बरोबर. पण मले वाटलं उचलसान. म्या डोळे मिटले होते."

संघमालकांचा फोन मलकापूरच्या फलाटावर आला. वेळ फार लागला होता, पण गाडी धड परत आली होती. हंगाम माझा. पुढच्या फेरीला शेजारी कोणाला बसवू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी शेजारी उभ्या सरांकडे पाहिलं. ते सुनीताताईंनी बांधून दिलेले रोडगे माझ्या पिशवीत कोंबत होते. "बायकोले इचारून सांगतो," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत बातमी वाचली की माझ्या जुन्या जागेवरचा मुलगा जिंकला. मनमाडपर्यंत वाईट वाटलं. मग भूक लागली.

सर्किटवर जिंकल्यावरही मी एकटीच गाडीतून उतरायचे. एखादं वळण कसं साधलं ते सांगायचे, लोक मान डोलवायचे. त्यातलं कोणीही त्या वळणावर गाडीत नव्हतं. त्या माथ्याबद्दल मात्र आता मी कितीही वर्षांनी बोलले, तरी ते तपासून बघणारा एक माणूस मेहकरला आहे. डोळे मिटलेले होते, एवढं सोडलं तर तो पूर्ण वेळ तिथे होता.