हाविसनं ऐकलेली पापं

हाविस हाडाची सुईण. इंग्लंडातल्या सॉमरसेटमधल्या त्या गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. पोर दगावेलसं वाटलं की त्याच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायची मुभा सुईणीला होतीच. मग प्लेगची महामारी आली. पहिल्याच तडाख्यात पाद्री गेला आणि बिशपांचं फर्मान आलं. पाद्री नसेल तर मरणाऱ्यानं आपली पापं कुणापाशीही कबूल करावीत, पुरुष न मिळाल्यास बाईपाशीसुद्धा. ऐकणाऱ्यानं मात्र ती कायमची पोटात ठेवायची. ज्यानं सांगितली त्याच्यापाशीही विषय काढायचा नाही.

पुरुष कसले मर्द, एकही आजाऱ्याचा उंबरा ओलांडेना. बोलावणी हाविसलाच येऊ लागली. चोरलेली मेंढी, सरकवलेला बांध, नको त्या भानगडी, सगळं तिनं ऐकलं. जे वाचले ते पुढे तिला पाहून रस्ता बदलू लागले.

तिची लग्नाला आलेली लेक साबिन त्यातच गेली, आणि चारच दिवसांत शेजारणीनं, एमटनं बोलावलं. तिच्या काखेत गाठ आली होती.

"साबिनला लग्नासाठी निळं कापड दिलं ना मी," एमट म्हणाली, "ते ब्रिस्टलच्या बंदरावरचं. महामारीनं मेलेल्या खलाशाच्या अंगावरचं. मला ठाऊक होतं गं."

उठावं आणि हिला तशीच नरकात जाऊ द्यावं, असं हाविसच्या मनात आलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

आणि एमट जगली. गाठ फुटली, ताप उतरला. दोघी भिंतीला भिंत लावून म्हाताऱ्या झाल्या, पण त्या कापडाचं नाव कुणी काढलं नाही. साबिनला त्याच निळ्यात पुरलं होतं. दिवेलागणीला एमटच्या दाराशी निळं काहीतरी हललेलं हाविसला दिसायचं, आणि ती घाईनं दार लोटून घ्यायची.

हाविसचं मरण जवळ आलं तेव्हा गावात नवा पाद्री होता. त्याला तिनं बाहेर थांबवलं आणि एमटला बोलावलं.

"अगं म्हातारे, पाद्री सोडून माझं काय काम?"

"नियम मोडतेय मी. तेव्हा नुसतं ऐकलं म्हणाले. माफ एक दिवसही केलं नाही. देवळात दर रविवारी मेणबत्ती लावली, तू मरावीस म्हणून. ऐकलंस ना?"

एमट तिच्या उशाशी टेकली.

"ऐकलं," ती म्हणाली. "ती मेणबत्ती कशासाठी ते ठाऊक होतं मला. वाऱ्यानं विझली की मीच परत लावायचे."