ळ नसलेलं मशीन

आमच्या मंडळाचा दिवाळी अंक मी हातानं लिहायची. मंडळ म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पंधरा-वीस मराठी घरांचं. अंकाची प्रत एकच निघायची. ती घरोघर फिरून परत यायची तेव्हा तिच्यावर चकलीच्या तेलाचे डाग असायचे, त्याचं मला फार बरं वाटायचं. दुपारची जेवणं आटोपली की मी दौत-टाक घेऊन बसे आणि रोज एक पान सुवाच्य अक्षरात उतरवून काढी. दुसऱ्यांचं उतरवता उतरवता आपणही लिहावं हे खूळ डोक्यात शिरलं, ते त्या हस्तलिखितामुळेच. म्हणून त्या वर्षी मंडळाचे चिटणीसकाका घरी येऊन म्हणाले, "पोरी, आता अंक टाइप करायचा बरं का," तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यांचं म्हणणं चुकीचं असतं तर भांडता तरी आलं असतं. रियासत जाऊन मध्य भारत झाला होता, आता तोही मोडून मध्य प्रदेश होणार होता आणि राजधानी जाणार होती भोपाळला. कचेऱ्यांतली दफ्तरं बांधली जात होती. बाबा त्यातल्याच एका खात्यात. रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून बसायचे आणि घरी येऊन आईला म्हणायचे, "अजून काही नक्की नाही." मंडळातली निम्मी घरं तरी जाणारच होती. मग एकच प्रत कुठे कुठे फिरवणार? टाइप केलं तर कार्बननं प्रती निघतील, एक भोपाळला, एक इंदूरला. मी पडाव भागातल्या क्लासात टायपिंग शिकत होतेच. काकांनी कुठूनसं एक जुनं मशीनही मिळवलं होतं. "तुझंच काम हलकं होतंय," काका म्हणाले. हलकं म्हणे! मला कोणी विचारलं होतं का, की बाई गं, तुला जड होतंय का?

मशीन आमच्याच माजघरात आलं. मी कागद चढवला आणि पहिल्याच ओळीला अडले. "दिवा" झालं, आणि पुढे ळ मिळेना. वरच्या कळा पाहिल्या, खालच्या पाहिल्या, शिफ्ट दाबून पाहिलं. मशीन हिंदीचं होतं आणि हिंदीला ळ लागतोच कुठे? क्लासात हिंदी मजकूरच टाइप करत होते, त्यामुळे इतके महिने हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. शेवटी ल दाबला. मुखपृष्ठावर उमटलं, "दिवाली अंक".

मी तडक काकांकडे गेले. ते म्हणाले, "एका अक्षरानं काय अडतंय? समजतंय ना?"

आता काय समजतंय ते ऐका. एका आजोबांनी गेलेल्या दिवसांवर लिहिलं होतं, "तो काळ आता गेला." त्याचं झालं, "तो काल आता गेला." पाककृतीत पुरणाची पोली. आणि त्या अंकात पहिल्यांदाच माझा स्वतःचा लेख होता. वर्षभर मनात घोळवून लिहिलेला. त्याचं शेवटचं वाक्य होतं, "मी कुठेही गेले तरी माझं मूळ ग्वाल्हेरातच राहणार." टाइप झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं. स्वयंपाकघरातून आई लाटणं घेऊनच बाहेर आली.

"काय म्हणालीस? तुझं मूल?"

"आई, मूळ! ळ नाहीये यात!"

"अगं बाई! इंदूरला तुझी पत्रिका गेलीय. आणि हे त्या लोकांच्या हातात पडलं म्हणजे?" आईनं कपाळावर हात मारला. मला हसूही येईना. वर्षभर जपलेलं वाक्य, आणि मशीननं माझी अशी शोभा केली होती.

पण खरा तडाखा पुढेच बसला. धाकटी बहीण शाळेतून आली, तिनं तोच कागद उचलला आणि घडाघडा वाचत सुटली. दिवाली, काल, पोली, मूल. कुठे अडखळली म्हणून नाही.

"काही चुकतंय असं वाटत नाही तुला?" मी विचारलं.

"इसमें गलत क्या है, ताई? दिवालीच तर लिहिलंय."

मशीनचं सोडा, घरातली पोरगीच ळ म्हणत नव्हती. दिवसभर हिंदी शाळा, गल्लीत हिंदी, आणि आमचं कोणाचं लक्षच नाही. आता तर भोपाळला जाणार, म्हणजे उरलंसुरलंही पुसलं जाणार. माझा जीव नुसता तळमळायला लागला. अंकातली चूक सुधारता आली असती, पण हिच्या तोंडातलं अक्षर गेलं की ते कायमचंच जाणार होतं.

मग मी ठरवलं. मशीन वापरायचं, पण त्याच्यापुढे मान तुकवायची नाही. ळ आला की जागा मोकळी सोडायची आणि मग प्रत्येक प्रतीत टाकानं भरायचा. रोज दुपारचा माझा वेळ त्यातच जायला लागला. धाकटीला शेजारी बसवायची. मी ळ भरायचा, तिनं तो शब्द मोठ्यानं म्हणायचा. जीभ वर वळव, अजून वळव. पोरगी कावायची. "नहीं आता तो नहीं आता!" म्हणून एकदा रडत उठून गेली. मीही कमी नव्हते, ओढून परत बसवली. काकांचे निरोपावर निरोप. शेवटी स्वतःच आले. "दिवाळी काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"थांबू नको म्हणावं तिला," मी म्हटलं, "पण दिवालीही होऊ देणार नाही."

अंक निघाला. सगळ्यांनी काकांचं कौतुक केलं, काय सुरेख प्रती निघाल्यात म्हणून. शाईतल्या ळकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. मी घरी येऊन टाक भिंतीवर फेकून मारला. त्याचं निब वाकलं ते वाकलंच.

दिवाळीनंतर बाबांच्या भोपाळच्या बदलीचा हुकूम आला. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष, म्हणून मला ग्वाल्हेरातच, कंपू मोहल्ल्यात आत्याकडे ठेवायचं ठरलं. बाकी सगळे निघाले. स्टेशनवर धाकटी माझ्याशी बोलेना, मी छळलं होतंच तेवढं. खिडकीशी तोंड फुगवून बसली होती. मी म्हटलं, "अंकातलं रोज एक पान मोठ्यानं वाच हं." तिनं मान फिरवली.

गाडी हलली तशी तिनं डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताई! आमचं मूळ ग्वाल्हेरातच राहिलं गं!"

ळ अगदी स्वच्छ होता. आत्या म्हणाली, "केवढ्यांदा ओरडते मेली." मला हातही हलवता आला नाही.