चालत्या गाड्या बिघडवणारे सर

चांगली चालती गाडी इतक्या प्रेमाने बिघडवणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही. पांढरकवड्याच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो आणि हे सर नववी-दहावीला वाहनदुरुस्ती शिकवत. सरावासाठी मिळालेलं एकुलतं एक इंजिन पोरांनी खोलून-जोडून इतकं पाठ केलं, की सरांनी मग शिक्षकांच्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. सकाळी आम्ही प्रार्थनेला डोळे मिटले, की हे गाड्यांच्या शेडमध्ये. रोज कुणाची तरी गाडी ते बिघडवून ठेवत. कुणाची आणि कशी, हे ब्रह्मदेवालाही सांगत नसत. शाळा सुटायच्या आत पोरांनी ती शोधून सुरू करायची. मुख्याध्यापकांनी एकदा आवाज चढवला, तर सर म्हणाले, "साहेब, हायवेवर बंद पडणारी गाडी आधी चिठ्ठी धाडते काय?" त्याच दिवशी पोरांनी मुख्याध्यापकांच्या मोटारसायकलचा ढिला ब्रेकही नीट करून दिला, तेव्हापासून त्यांची तक्रार बंद झाली.

सरांचा एक कान चहा पितानाही रस्त्याकडे असे. हैदराबादकडे निघालेल्या एका ट्रकचा नुसता आवाज ऐकून ते म्हणाले, "याचा बेल्ट ढाब्यापलीकडे जात नाही." संध्याकाळी मी हायवेने गेलो, तर तो ट्रक बेल्ट तुटून ढाब्यासमोरच उभा! मी मनातल्या मनात हात जोडले.

गेल्या मार्चमध्ये वर्ग चालू असताना सर एकदम घामाघूम झाले आणि छातीवर हात दाबून खाली बसले. रुग्णवाहिका दूरच्या गावी गेलेली. शाळेत चारचाकी एकच, माझी जुनी मोटार. त्यांना मागच्या सीटवर निजवून मी किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच गरगरलं. आज पाळी माझ्या गाडीची होती, हे तेव्हा ध्यानात आलं.

"अहो, काय काढून ठेवलंय ते सांगा!" मी ओरडलो.

सरांनी डोळेही उघडले नाहीत. "मले कायले इचारता मास्तर? पायलले इचारा."

पायल ही नववीतली मुलगी. माझ्या तासाला तिने वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "सगळे चूप बसा! सर, किल्ली अर्धीच फिरवा." मी फिरवली आणि पेट्रोलचा पंप जिच्याखाली असतो, त्या मागच्या सीटला तिने कान लावला. "पंपाचा आवाज येऊन नाही राह्यला. पेट्रोलच पोचून नाही राह्यलं." धावत पुढे येऊन तिने फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. आत एक जागा रिकामी होती. ती पुन्हा मागे गेली, सरांचा छातीवरचा हात अलगद बाजूला केला आणि त्याखालच्या खिशातून फ्यूज काढला.

"शाबास," सर पुटपुटले. "पण टाइम लय घेतला तू."

अगदी वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवसांनी मी सरांवर मनसोक्त चिडून घेतलं. जीव गेला असता, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "तिले येतच होतं न मास्तर. मले मालूम होतं." माझ्या विद्यार्थ्यांवर मी इतका विश्वास कधीच टाकला नाही.

आता ते निवृत्त होऊन नेरला मुलाकडे राहतात. नवे सर भले आहेत, पडद्यावर इंजिनाची रंगीत चित्रं दाखवतात. शाळा सुटल्यावर मी गाडीत बसतो, किल्ली अर्धीच फिरवतो आणि मागच्या सीटकडे कान देतो. पंपाचा आवाज अगदी व्यवस्थित येतो. फार वाईट वाटतं.